आमचा आणि आपला

सरकारी नोकराच्या आयुष्यात गावे पुष्कळ येतात. पण ज्याला आपले म्हणावे असे गाव एकही राहत नाही. दर तीन वर्षांनी सामानाच्या पेट्यांवरील जुन्या ठिकाणाचे नाव खोडायचे आणि नवे लिहायचे, हा आमचा वीस-बावीस वर्षांचा शिरस्ता. नवे घर, नवी शाळा, नवा दूधवाला आणि नवी भाषा. अशा माणसाने कोणत्याही गावास जीव लावू नये, असा एक नियम आम्ही स्वतःस घालून घेतला होता आणि सेवानियमांपेक्षाही तो अधिक निष्ठेने पाळला होता. तो नियम अखेर मोडला, आणि मोडला तो एका फुटबॉलच्या संघाने. हा संघ आमच्या कोल्हापूरचा नव्हता, मुंबईचाही नव्हता. तो होता मिझोरममधील ऐझॉल या डोंगरी शहराचा.

२०१५ च्या उन्हाळ्यात ऐझॉलच्या बदलीचा हुकूम हाती पडला, तेव्हा कचेरीतील स्नेह्यांनी आमचे सांत्वन केले. एकाने हवा उत्तम असल्याचे सांगितले, दुसऱ्याने डोंगराळ भागाचा जादा भत्ता किती मिळतो याचा हिशेब करून दाखविला. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी ईशान्येकडील नोकरी केली आहे, त्यांना या सांत्वनाची चव ठाऊक असेल. आमच्या घरातून मात्र एकच प्रश्न आला, "तिथे मराठी बोलायला कोणी असेल का हो?" आम्ही नकाशाकडे बोट दाखवून गप्प राहिलो.

लेंगपुईच्या विमानतळावरून शहर सुमारे बत्तीस किलोमीटर. रस्ता डोंगराच्या कडेकडेने चढत जातो आणि एका वळणावर अचानक समोरच्या डोंगरावर घरांची दाटी दिसू लागते. ऐझॉलमध्ये सपाट जागा जवळजवळ नाहीच. रस्त्यावरून पाहिले तर घर एकमजली वाटते. आत गेल्यावर कळते की रस्त्याच्या पातळीवर आहे तो वरचा मजला, बाकीचे तीन-चार मजले खाली दरीत उतरले आहेत. आम्हांला मिळालेले घर असेच होते. रस्त्यावर वाहनांची ही गर्दी, तरी कोणी कर्णा वाजवीत नाही. सारे एकामागे एक मुकाट्याने उभे राहतात. पुण्या-मुंबईकडून गेलेल्या माणसाला ही शिस्त पहिले आठ दिवस खरी वाटत नाही.

दुसरी एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. मैदानी मुलखातून आलेल्या माणसास मिझो भाषेत एक शब्द आहे, 'वाई'. तो शिवी नव्हे. भाजीवाली तो म्हणते, शाळेतली पोरे म्हणतात, त्यात राग नसतो. पण त्या शब्दाने एक रेघ ओढली जाते. रेघेच्या पलीकडे ते आणि अलीकडे आपण. आम्हांला त्या रेघेचे वाईट वाटले नाही, उलट सोयच वाटली. तीन वर्षे राहायचे आणि निघायचे, या आमच्या नियमाला ती रेघ पोषकच होती.

आमच्या शेजारी एक मिझो गृहस्थ राहत. शाळेत शिक्षक होते आणि निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. आदराने कोणास हाक मारायची तर तिकडे नावाआधी 'पु' लावतात, आपल्याकडच्या 'राव' सारखे. आम्ही त्यांना नुसते 'पु' म्हणू लागलो, ते आम्हांला 'सर' म्हणत. आमचे संभाषण मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत चाले. पहिल्या महिन्यातच त्यांनी आम्हांला विचारले, "सर, तुमच्या गावी फुटबॉल खेळतात का?"

या प्रश्नावर आमची कळी खुलली, हे कबूल केले पाहिजे. कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे गवयाला 'तुम्ही गाता का' असे विचारण्यासारखे. आम्ही त्यांना शाहू स्टेडियमची गोष्ट सांगितली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ कसे असतात, कुस्तीच्या तालमीतून फुटबॉलचे संघ कसे उभे राहिले, सामन्याच्या दिवशी पेठाच्या पेठा रस्त्यावर कशा उतरतात, आणि तालमीचा संघ हरला की त्या रात्री घरोघरी कशी चूल थंड असते, हे सारे सांगितले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि या सर्व पेठांचा मिळून संघ? कोल्हापूरचा म्हणून?" आम्ही थबकलो. देशाच्या आय-लीगमध्ये कोल्हापूरचे नाव लावून उतरलेला संघ आम्ही कधी पाहिला नव्हता. खेळाडू गेले, संघ गेला नाही. "नाही," आम्ही म्हणालो. ते समाधानाने हसले. "आमचा आहे," ते म्हणाले, "आणि यंदा तो मोठ्या लीगमध्ये खेळणार आहे."

तो संघ म्हणजे ऐझॉल फुटबॉल क्लब. स्थापना १९८४. २०१५ मध्ये आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकून तो पहिल्या श्रेणीत चढला होता. आम्ही तो विषय तेथेच सोडून दिला असता. पण शेजाऱ्याचा ध्यास सांसर्गिक असतो. पावसाळी संध्याकाळी चहा पिताना 'पुं'नी आम्हांला जे हळूहळू सांगितले, त्यातून या संघाची पूर्वपीठिका आमच्या ध्यानात आली.

लुशाई डोंगरात १८९४ साली पहिले ख्रिस्ती मिशनरी आले. त्यांच्याबरोबर शाळा आल्या, रोमन लिपी आली आणि फुटबॉलही आला. सपाट जागा मुळातच दुर्मीळ, त्यामुळे गावात जेवढी सपाट जागा असेल तेवढी चर्च, शाळा आणि मैदान यांतच वाटली जाई. चेंडू एकदा कडेवरून घरंगळला की दरीत जातो, म्हणून चेंडू पायाशी ठेवून आखूड पासने खेळण्याची सवय मिझो पोरांना मैदानानेच लावली, असे 'पुं'चे मत. ते शास्त्र आहे की अभिमान, हे आम्ही तपासले नाही; परंतु कौलारू गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कोणाही मराठी माणसाला ते पटावे.

मग त्यांनी त्या चहाच्या बैठकीत एकदा १९५९ चा विषय काढला. बांबूला फुलोरा आला, त्या फळांवर उंदीर पोसले आणि उंदरांनी धान्य फस्त केले. या दुष्काळाला तिकडे 'माउताम' म्हणतात. सरकारची मदत वेळेवर व पुरेशी पोहोचली नाही, या भावनेतून जी चळवळ उभी राहिली तिचे पर्यवसान १९६६ च्या बंडात झाले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ऐझॉलवर विमानांतून हल्ला झाला. स्वतःच्याच देशाच्या विमानांनी. 'पु' त्या वेळी नऊ वर्षांचे होते. "आम्ही जंगलात पळालो," ते म्हणाले. "परत आलो तेव्हा आमच्या गल्लीत घर असे फार थोडे उरले होते." पुढे खेडीच्या खेडी उठवून रस्त्यालगतच्या छावण्यांत वसविली गेली. वीस वर्षे हे असे चालले. ३० जून १९८६ रोजी करार झाला, २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम राज्य झाले.

'पुं'नी हे सांगताना आवाज चढविला नाही आणि 'तुमचे सरकार' असा शब्दही वापरला नाही. पण आम्ही त्या सरकारचेच नोकर. आमच्या कपाटात त्याच सरकारचा शिक्का होता. चहाचा पेला आमच्या हातात निवत गेला. काही तरी बोलले पाहिजे असे वाटत होते आणि जे बोलू ते खोटेच वाटेल, असेही वाटत होते. त्यांनीच आमची सुटका केली. ते म्हणाले, "संघ स्थापन झाला १९८४ मध्ये. कराराला अजून दोन वर्षे होती. लोक म्हणाले, अशा दिवसांत खेळ कसला? पण पोरांना संध्याकाळी करायला काही तरी पाहिजे होते, सर."

त्यानंतरचा इतिहास अधिक आनंदाचा आहे. मालसॉमत्लुआंगा या ऐझॉलच्या मुलाने टाटा फुटबॉल अकादमीत शिकून ईस्ट बंगालचा अंगरखा घातला आणि २००३ मध्ये त्या संघाबरोबर जकार्ता येथे आसियान क्लब स्पर्धा जिंकली. कलकत्त्याचे लोक त्याला 'मामा' म्हणत. एक मिझो मुलगा कलकत्त्यात नाव काढतो, हे पाहून डोंगरातील प्रत्येक पोराला वाट दिसली. २०१२ मध्ये मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली, तिचे सामने स्थानिक दूरदर्शन वाहिनीवर घरोघरी दिसू लागले. २०१४ मध्ये मिझोरमने सिलिगुडीला रेल्वेचा ३-० ने पराभव करून संतोष करंडक जिंकला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे अकरा लाखांहूनही कमी वस्तीच्या राज्याने सबंध देशाला मागे टाकले. आमच्या कोल्हापूर शहरातच त्याच्या निम्मी माणसे आहेत.

आम्ही मात्र अद्याप प्रेक्षकच होतो. २०१५-१६ च्या मोसमात राजीव गांधी स्टेडियमवर काही सामने पाहिले, ते 'पुं'चा आग्रह मोडवेना म्हणून. चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. शाळेतील मुलांबरोबर तेही कृत्रिम हिरवळीच्या चौकोनांवर धडपडत खेळू लागले होते आणि ढोपरे फोडून घेऊन घरी येत होते. त्या मोसमाच्या अखेरीस ऐझॉलचा संघ नऊ संघांत आठवा आला आणि खालच्या श्रेणीत ढकलला गेला. लगेच मे महिन्यात फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत धडकून त्याने अब्रू राखली खरी. पण तेथेही मोहन बागानने पाच गोल केले आणि ऐझॉलला एकही करता आला नाही. दुसऱ्या दिवशी 'पुं'च्या घरी गेलो तर ते फुलझाडांना पाणी घालीत होते. म्हणाले, "एक वर्ष पाहिले मोठे घर. आता परत आपल्या झोपडीत." आम्हांला वाईट वाटले. कोणाबद्दल वाटले, हे आम्ही स्वतःस विचारले नाही.

पुढे जे घडले त्यात आमच्या मुलखाचाही हात होता, म्हणून ते येथे सांगितले पाहिजे. भारतीय फुटबॉलची नवी आखणी अखिल भारतीय महासंघाने मांडली. पैसेवाल्या इंडियन सुपर लीगला मोठा मान द्यायचा आणि जुन्या आय-लीगला धाकटी बहीण करायचे, असा तिचा रोख होता. त्याच्या निषेधार्थ २०१६ मध्ये गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. गोव्याच्या त्या नावांवर आम्हां कोल्हापूरकरांचेही प्रेम. घाट उतरला की गोवा. त्यांच्या जाण्याने फार हळहळ वाटली. पण ती जागा रिकामी झाली म्हणून घसरलेल्या ऐझॉलला पुन्हा वर घेण्यात आले. एकाच्या अंगणातले झाड पडले आणि दुसऱ्याच्या घरात ऊन आले. 'पुं'नी आम्हांला ही बातमी सांगितली तेव्हा ते आनंदात होते, परंतु थोडे ओशाळलेलेही होते. "गोव्याचे लोक तुमचे ना, सर?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "शेजारी." ते म्हणाले, "मग त्यांना आमचा नमस्कार कळवा."

त्या मोसमाला खालिद जमील हे प्रशिक्षक आले. जन्म कुवेतचा, खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून घडले ते मुंबईत. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया या संघांतून खेळले आणि मग मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद सात वर्षे सांभाळून बाहेर पडले होते. त्यांच्या मागोमाग मुंबईचे काही खेळाडूही आले. त्यांत आशुतोष मेहता होता आणि जयेश राणेही होता. गोलरक्षक आल्बिनो गोम्स गोव्याचा. सीरियाचा अल अमना, लायबेरियाचा जार्यान, आयव्हरी कोस्टचा कामो बायी आणि बाकीचे मिझो तरुण. सगळ्या संघाचा वर्षाचा खर्च दोन कोटी रुपयांच्या आसपास असल्याचे वृत्तपत्रे सांगत. मोठ्या संघांत एखाद-दुसऱ्या नामांकित खेळाडूवरच तेवढी रक्कम जाते.

राणे हे आडनाव फलकावर वाचले आणि आमच्या घरातून आनंदाचा उद्गार निघाला. ऐझॉलमध्ये मराठी बोलायला कोणी असेल का, या जुन्या प्रश्नाचे उत्तर असे लाल अंगरखा घालून मैदानावर अवतरले होते. 'पु' तर आम्हांला रोज चिडवू लागले. "तुमचा राणे काल छान खेळला हं!" आम्ही म्हणू, "आमचा कसला? तुमचाच." हा 'तुमचा-तुमचा' चा खेळ बरेच दिवस चालला. दोघेही एकमेकांकडे त्याला सौजन्याने ढकलीत होतो.

त्याच मोसमात मुंबईचा संघ ऐझॉलला खेळावयास आला. स्टेडियमवर जाताना चिरंजीवांनी वाटेत विचारले, "बाबा, आज आपण कोणाच्या बाजूचे?" आम्ही उत्तरासाठी तोंड उघडले आणि मिटले. मुंबईच्या संघात मुंबईचे नाव होते. ऐझॉलच्या संघात मुंबईचे माजी प्रशिक्षक होते, मुंबईचे खेळाडू होते, राणे होता. आणि प्रेक्षकांत चिरंजीवांचे सारे सवंगडी, अंगावर लाल कपडे, हातात ढोल. आम्ही त्यांना 'चांगला खेळ करील त्याच्या बाजूचे' असे सरकारी छापाचे उत्तर दिले. त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, कचेरीत आमच्या शेऱ्यांकडे हाताखालची माणसे कशी पाहत असतील याची आम्हांला कल्पना आली. मग ते उठून मित्रांत जाऊन बसले. आम्ही एकटेच राहिलो, मधल्या बाकावर.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना समोरचा माणूस बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. 'पु' आपल्या संघाला 'कान टीम' म्हणत. त्याचे मराठी 'आमचा संघ' करावे की 'आपला संघ', हे आम्हांला दोन वर्षे ठरविता आले नव्हते. त्या दिवशी मधल्या बाकावर बसून वाटले की, हा प्रश्न भाषांतराचा नाही. बदलीच्या माणसाने सगळीकडे 'आम्ही' म्हणून राहायचे आणि 'आपण' ची जबाबदारी टाळायची, ही आमची वर्षानुवर्षांची युक्ती होती. ती आम्हांला पुरली, पण आमच्या मुलाला पुरणार नव्हती. त्याला कोणाच्या तरी बाजूने ओरडायचे होते.

एप्रिल २०१७ मध्ये दोनच सामने उरले, तेव्हा ऐझॉल आणि मोहन बागान दोघेही ३३ गुणांवर होते. त्यांतला पहिला त्या दोघांचाच, २२ एप्रिलला, ऐझॉलमध्ये. एकीकडे १८८९ साली स्थापन झालेला, १९११ मध्ये अनवाणी पायांनी गोऱ्यांना हरविणारा संघ. दुसरीकडे आदल्या वर्षी घसरून पुन्हा उचलून घेतलेला, तीन लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहराचा संघ. स्टेडियमच्या बाजूच्या डोंगरउतारावरही माणसे उभी होती. आमच्या डाव्या हाताला 'पु', उजव्या हाताला चिरंजीव. ऐंशी मिनिटे गोल झाला नाही. ८३ व्या मिनिटाला कोपऱ्यावरून चेंडू आला आणि बचावफळीतील झोमिंगलिआना राल्टे याने डोक्याने तो जाळ्यात घातला. त्या क्षणी आम्ही काय केले ते आम्हांला नीट आठवत नाही. चिरंजीव सांगतात की आम्ही 'पुं'ना मिठी मारली आणि आमचा चष्मा खाली पडून कोणाच्या तरी पायाखाली गेला. चष्मा फुटल्याचा हिशेब घरी द्यावा लागला, तेव्हा ते खरे असावे.

शेवटचा सामना ३० एप्रिलला शिलाँगला, तेथील लाजाँग संघाशी. बरोबरी झाली तरी पुरे होती. शेकडो माणसे सुमो गाड्यांत बसून रात्रभराच्या प्रवासाला निघाली. आम्हांला रजा मिळाली नाही. तो दिवस होता रविवार. ऐझॉलचा रविवार ज्याने पाहिला नाही, त्याला शांतता म्हणजे काय हे कळावयाचे नाही. दुकाने बंद, रस्ते ओस, सकाळ-संध्याकाळ चर्चमधून येणारे समूहगीताचे सूर. 'पुं'च्या घरात आम्ही सारे दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. पहिल्या दहा मिनिटांतच लाजाँगने गोल केला. खोलीत कोणी बोलेना. 'पुं'च्या पत्नी आत जाऊन बसल्या. तिकडे कलकत्त्यात मोहन बागान चेन्नईशी खेळत होता आणि अखेर तो जिंकलाही. आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने चेंडू जाळ्यात घातला आणि त्या मुक्या रविवारी खालच्या-वरच्या सगळ्या घरांतून एकच आवाज उठला. दरीच्या या बाजूने उठला आणि त्या बाजूने परतला. उरलेला वेळ संपता संपत नव्हता. अखेर शिट्टी झाली. ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्येकडील संघाने देशाचे साखळी अजिंक्यपद प्रथमच जिंकले होते.

चिरंजीव उडी मारून ओरडले, "बाबा, आपण जिंकलो!"

ते मराठीत ओरडले होते. 'पुं'नी आम्हांला विचारले, "काय म्हणाला तो?" आम्ही इंग्रजीत सांगितले. पण इंग्रजीत त्याचे होते एवढेच की, 'आम्ही जिंकलो'. तो एक शब्द इंग्रजीत मावत नव्हता. मग आम्ही मराठीतील दोन शब्दांचा फरक त्यांना समजावून सांगितला. एकात तुम्ही नसता, दुसऱ्यात असता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "१९६६ नंतर दिल्लीच्या बातम्यांत आमचे नाव आले की आम्ही रेडिओ बंद करीत होतो. आज मी तो रात्रभर चालू ठेवणार आहे." आणि थोड्या वेळाने हळूच त्यांनी तो मराठी शब्द उच्चारून पाहिला. "आपण."

संघ परतला तेव्हा लेंगपुईपासून शहरापर्यंत लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांत आम्हीही उभे होतो, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

परंतु हकिकत येथे संपविली तर ती परीकथा होईल. विजयानंतर थोड्याच दिवसांत प्रश्न निघाला की, सुपर लीगला वरचे स्थान मिळाल्यावर या विजेत्यांचे काय? शहरात आंदोलनाची भाषा निघाली. अखेर त्या वर्षापुरत्या दोन्ही लीग शेजारी शेजारी चालल्या. जानेवारी २०१८ मध्ये ऐझॉल आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यासाठी इराणला गेला आणि झोब आहन संघाकडून ३-१ असा हरला, पण गेला. खालिद जमील ईस्ट बंगालकडे गेले, राणे आणि इतर खेळाडूही एकेक करून पांगले. २०१९ पासून सुपर लीग हीच अधिकृत पहिली श्रेणी ठरली आणि ऐझॉलने जिंकलेली लीग दुसरी झाली. संघाचे मालक २०१८ मध्ये आमदार झाले आणि राज्याचे क्रीडामंत्रीही. त्यावर शहरात उलटसुलट बोलणे होई, आणि लोकांचा संघ म्हणविणारा संघ एका माणसाच्या खिशावर किती अवलंबून असावा, हा प्रश्न 'पु'ही विचारीत. त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

मात्र त्याच काळात आमच्या मुलखात काय झाले ते पाहा. महिंद्र युनायटेड २०१० मध्येच बंद झाला होता. पुणे एफसीचा वरिष्ठ संघ २०१५ मध्ये संपला. ऐझॉल जिंकला त्या मोसमात मुंबई एफसी तळाला गेला आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही त्याच वर्षी मिटला. या संघांत चांगले खेळाडू होते, पैसाही ऐझॉलपेक्षा कमी नव्हता. पण ते बंद झाले तेव्हा कोणा पेठेत चूल थंड राहिल्याचे आम्ही ऐकले नाही. वहीखात्यातील एक रकाना मिटला, एवढेच. आणि जेथे चुली थंड राहतात त्या कोल्हापूरच्या तालमींनी एकत्र येऊन गावाचा एक संघ उभा केला नाही. ऐझॉलमध्येही वस्त्यावस्त्यांचे संघ आहेत आणि त्यांच्यातही हाडवैर आहे. पण बाहेर जाताना एका नावाखाली जायचे, हे त्यांना जमले. कदाचित ज्यांचे गाव एकदा जळाले, त्यांना गाव या शब्दाची किंमत अधिक कळत असावी. आमचे कधी जळाले नाही. आम्ही ते बदलीच्या हुकुमाबरोबर आपण होऊन सोडून देतो.

२०१८ च्या जूनमध्ये आमची बदली झाली. पेट्यांवर नवे नाव लिहिले. निघण्याच्या दिवशी आमच्या वस्तीतील तरुण न बोलावता सामान चढविण्यास आले. दुसऱ्यासाठी न सांगता कष्ट उपसण्याच्या या वृत्तीला मिझो लोक 'त्लॉम्ङाइना' म्हणतात आणि ती तेथे लहानपणापासून शिकविली जाते. 'पुं'नी चिरंजीवांच्या गळ्यात संघाचा लाल गळपट्टा घातला. आम्हांला काही दिले नाही. हात हातात घेऊन म्हणाले, "सर, वाई लोक येतात आणि जातात. तुम्हीही चाललात. पण संघ हरला की मला पत्र लिहा. जिंकल्यावर सगळेच लिहितात."

तेव्हापासून आम्ही दोन गावे बदलली आहेत. संघ पुष्कळदा हरला आहे, त्यामुळे पत्रव्यवहार चांगला चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाल्याची बातमी आली, तेव्हा नियम मोडून आम्ही आनंदाचे पत्र लिहिले. चिरंजीव आता कॉलेजात शिकतात. परवा वसतिगृहातून त्यांचा दूरध्वनी आला. खोलीतील सोबत्याने त्यांना विचारले होते, तू कोणत्या गावचा? त्यांनी काय सांगितले, असे आम्ही विचारले.

"कोल्हापूरचा म्हणालो," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "पण संघ विचारला असता तर दुसरे उत्तर दिले असते."

आम्ही ते वाक्य 'पुं'ना लिहून कळविले आहे. आपला संघ हरण्याची वाट पाहिली नाही.